नेट घरापर्यंत आलंय, पण कॉम्प्युटरपर्यंत? यूएसबी वाय-फाय अडॅप्टर घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

(हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलंय. ऐकताना एखादा आकडा निसटला असेल, तर तो इथे सापडेल.)

हेडफोन लावलेत ना? चला तर मग.

आजचा विषय अगदी अंगठ्याएवढा आहे. खरंच अंगठ्याएवढा. यूएसबी वाय-फाय अडॅप्टर. दुकानात कुणी याला वाय-फाय डोंगल म्हणतं, कुणी वाय-फाय रिसीव्हर म्हणतं. पेन ड्राइव्हसारखी एक वस्तू, कॉम्प्युटरला मागे खुपसायची आणि वाय-फाय सुरू. एक गोष्ट आधीच सांगतो, सिम कार्ड घालायचं डोंगल वेगळं. ते स्वतः नेट आणतं. आपलं आजचं अडॅप्टर नेट आणत नाही, घरात असलेलं वाय-फाय फक्त कॉम्प्युटरला ऐकायला शिकवतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वस्तूवर अख्खा एपिसोड? तर त्याचं कारण माझा मावसभाऊ.

तो इचलकरंजीला असतो. डिप्लोमा झाला, आणि घरी एक सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. ऑफिसमधून निघालेले असतात ना, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवाले, तसला. मशीन मस्त चालत होतं. फक्त अशा ऑफिसच्या डेस्कटॉपला बहुतेक वेळा वाय-फाय नसतं, कारण ऑफिसात लॅनची वायर असते. म्हणून दुकानातून अडीचशे रुपयांचं एक अडॅप्टर आणलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, '६०० एमबीपीएस'.

पुढे एका कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आला. पहिल्या दहा मिनिटांत कॉल तीनदा तुटला. चौथ्यांदा जोडला तेव्हा समोरची मॅडम म्हणाली, "ठीक आहे, आम्ही कळवतो." त्यांनी काही कळवलं नाही.

घरी चिडचिड. काकांनी नेटवाल्याला फोन करून प्लॅन ५० एमबीपीएसचा १०० केला. दर महिन्याचं बिल वाढलं. आणि कॉल? तुटतच राहिले. काका मला फोनवर म्हणाले, "अरे, एवढे पैसे भरतोय दर महिन्याला, तरी हे नेट असं का वागतंय?"

मी दिवाळीत तिकडे गेलो, तेव्हा बसून नीट पाहिलं. आणि लक्षात आलं, नेट उगाच बदनाम झालं होतं. नेट घरापर्यंत व्यवस्थित येत होतं. ते अडकत होतं शेवटच्या दहा-बारा फुटांत. आज तेच सांगणार आहे. आधी दोष कुठे आहे ते शोधा, मग खिशात हात घाला.

आधी तपासणी, मग खरेदी

तुमच्या हातात फोन आहे. तीच तुमची पहिली चाचणी. कॉम्प्युटर जिथे आहे, अगदी त्याच टेबलावर फोन ठेवा. मोबाइल डेटा बंद करा, वाय-फायवर राहा, आणि स्पीड टेस्ट करा. मग तीच टेस्ट कॉम्प्युटरवर करा.

दोन्हीकडे आकडा सारखाच कमी आला, तर दोष राउटरचा, अंतराचा किंवा नेटवाल्याचा. अडॅप्टर बदलून काही होणार नाही. पण फोनला ६० आणि कॉम्प्युटरला ६, असं आलं तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूचा. मावसभावाकडे नेमके हेच आकडे होते. त्याच खोलीत, त्याच टेबलावर फोनला ६०, कॉम्प्युटरला सहा-आठ.

दुसरी चाचणी त्याहून महत्त्वाची. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे टाइप करायचं: पिंग, मग स्पेस, मग तुमच्या राउटरचा पत्ता, मग स्पेस, मग वजा चिन्ह आणि त्याला चिकटून टी. राउटरचा पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. हे केलं की कॉम्प्युटर दर सेकंदाला राउटरला हाक मारतो, आणि ओ यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदात दाखवतो. थांबवायला कंट्रोल आणि सी.

घरातल्या घरात हा आकडा १ ते ५ च्या आसपास हवा, आणि साधारण स्थिर हवा. मधूनच एखादा १०-२० झाला तर हरकत नाही. पण ३, ५, १८०, ४००, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', मग परत ४, असं दिसलं की समजा, गडबड तुमच्या घरातच आहे. कारण ही हाक घराबाहेर जातच नाही. नेटवाल्याचा इथे काही संबंध नाही.

आणि कॉल का तुटतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला जेमतेम तीन-चार एमबीपीएस लागतात. मावसभावाकडे सहा होते! म्हणजे स्पीड पुरेसा होता. पण मधले मधले तुकडे गळत होते. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. बोलण्याचं तसं नाही. समोरच्याचं वाक्य आत्ताच यायला हवं. म्हणून कॉलसाठी स्पीडपेक्षा स्थिरपणा मोठा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पाकिटावरचा आकडा

आता खरेदीकडे येऊ. पाकिटांवर काय लिहिलेलं असतं? एन१५०, एन३००, एसी६००, एसी१३००, एएक्स१८००. गोंधळ होतो की नाही? सोपं करून सांगतो.

पुढची अक्षरं म्हणजे वाय-फायची पिढी. एन म्हणजे २००९ साली आलेलं मानक, एसी त्यानंतरचं, एएक्स त्याच्याही नंतरचं. ही अक्षरं कुणाच्या लक्षात राहीनात म्हणून वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये सोपी नावं दिली. एन म्हणजे वाय-फाय ४, एसी म्हणजे वाय-फाय ५, एएक्स म्हणजे वाय-फाय ६. बस, मोठा आकडा म्हणजे नवीन.

अक्षरांनंतरचा आकडा मात्र बेरीज असतो. एसी६०० मध्ये ६०० कुठून आले? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर १५० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ४३३, मिळून ५८३, आणि ते गोल करून ६००. पण अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलं जातं! म्हणजे ६०० कधीच मिळत नाहीत. तसंच एसी१३०० म्हणजे ४०० आणि ८६७. एएक्स१८०० म्हणजे साधारण ५७४ आणि १२०१.

बरं, तो ४३३ सुद्धा तुमच्या हातात पडत नाही. तो जोडणीचा वेग. प्रत्यक्ष डाउनलोड साधारण त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. कारण वाय-फायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीचे थांबतात. घरातले फोन, टीव्ही, शेजारच्यांचे राउटर, सगळे एकाच रांगेत.

एन१५० ची गंमत तर आणखी आहे. १५० मिळायला दुप्पट रुंद चॅनेल लागतो, ४० मेगाहर्ट्झचा. सोसायटीत, गल्लीत, जिथे दहा-पंधरा वाय-फाय दिसतात, तिथे राउटर नेहमीच्या २० मेगाहर्ट्झवर येतो. मग जोडणीचा वेग होतो ७२. आणि हातात येतात तीस-चाळीस.

मावसभावाच्या त्या '६०० एमबीपीएस'वाल्या अडॅप्टरचं खरं रूप आम्ही कसं पाहिलं? विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथे पट्टा, चॅनेल, जोडणीचा वेग, सगळं दिसतं. त्याच्याकडे काय दिसलं? पट्टा २.४, वेग ७२. ५ गिगाहर्ट्झ त्या अडॅप्टरला माहीतच नव्हतं. पाकिटावरचे ६०० म्हणजे निव्वळ छपाई. नवीन अडॅप्टर आणलं की हे पान पहिल्याच दिवशी उघडा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत उघडा. बिल जपून ठेवा.

२.४ की ५?

हे दोन पट्टे म्हणजे काय? २.४ हा गावातला जुना रस्ता. लांबवर जातो, भिंतींतून त्यातल्या त्यात बरा जातो, पण गर्दी फार. ब्लूटूथ तिथेच, वायरलेस माउस तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती तिथेच, आणि सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर तिथेच. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झ हा नवा रुंद रस्ता. जागा जास्त, वेग जास्त, पण भिंत आली की लवकर दमतो. विटांच्या जाड भिंती, स्लॅब, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, यांच्यापुढे तो पटकन मान टाकतो.

म्हणून माझा सल्ला असा. आज नवीन घेताय तर दोन्ही पट्टे चालणारंच घ्या, ज्याला ड्युअल बँड म्हणतात. फक्त २.४ वालं घेऊ नका, ते कितीही स्वस्त असो. तुम्हाला हवा तेव्हा रस्ता बदलता आला पाहिजे.

पण त्याआधी राउटर बघा. तुमचा राउटरच फक्त २.४ चा असेल, तर ड्युअल बँड अडॅप्टरला दुसरा रस्ता सापडणार कुठे? फोनवर वाय-फायची यादी उघडा. एकाच नावाची दोन नेटवर्क दिसली आणि एकाच्या शेवटी '५जी' लिहिलेलं असलं, तर तुमच्याकडे दोन्ही आहेत. आणि हो, ते ५जी म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. ते फक्त ५ गिगाहर्ट्झ. काही राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देतात. मग राउटरच्या खालचं मॉडेल बघून शोधा.

आणि उगाच वाय-फाय ६ च्या मागे लागू नका. राउटर वाय-फाय ५ चा असेल तर वाय-फाय ६ चं अडॅप्टर चालेल, पण वाय-फाय ५ सारखंच वागेल. घरातला प्लॅन १०० चा असेल, तर चांगलं एसी६०० सुद्धा पुरतं. प्लॅन २००-३०० चा असेल तर एसी१३०० बघा. त्यात बहुतेक वेळा दोन अँटेना असतात, एकाच वेळी दोन धारा चालतात, आणि जोडणी एका अँटेनापेक्षा जास्त टिकून राहते.

नखाएवढी नॅनो अडॅप्टरं दिसायला छान. लॅपटॉपला लावून बॅगेत टाकायला सोयीची. पण अँटेना लहान, आणि सीपीयूच्या मागे लावलं की पत्र्याला चिकटून बसतं. डेस्कटॉपसाठी बाहेर अँटेना असलेलं घ्या. जागा तर आहेच ना टेबलावर!

पोर्ट निळं की काळं?

यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस. प्रत्यक्षात तीनशेच्या थोडा मागे-पुढे. म्हणजे एसी६०० ला यूएसबी २.० पुरे आहे. एसी१३०० किंवा त्याच्या वरचं घेतलंत तर यूएसबी ३.० चं अडॅप्टर हवं, आणि कॉम्प्युटरलाही ३.० चं पोर्ट हवं. ते बहुतेक वेळा आतून निळं असतं, किंवा शेजारी इंग्रजी एस-एस अशी खूण असते.

पण इथे एक मेख आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. यूएसबी ३.० चालू असताना त्याच्या पोर्टातून, वायरीतून, उपकरणातून जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर येतो. हे माझं म्हणणं नाही. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतःच एक श्वेतपत्रिका काढली होती. म्हणजे काय होतं? निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावलेली, आणि शेजारच्या पोर्टात २.४ वालं वाय-फाय अडॅप्टर. डिस्क कामाला लागली की अडॅप्टरच्या कानाशी जणू गिरणी सुरू. वायरलेस माउस अडखळतो तोही कधीकधी याच कारणाने.

आता मावसभावाच्या टेबलाकडे परत येऊ. सीपीयू टेबलाखाली. अडॅप्टर मागच्या पोर्टात. मागे भिंत, पुढे सीपीयूचा लोखंडी पत्रा, आणि राउटर नेमका पत्र्याच्या पलीकडच्या दिशेला, पुढच्या खोलीत. शेजारच्या निळ्या पोर्टात बॅकअपची हार्ड डिस्क, चोवीस तास लावलेली. बिचाऱ्या अडॅप्टरचे डोळे बांधले, कानात बोळे घातले, आणि म्हणालो, ऐक!

दीडशे रुपयांची दुरुस्ती

मी काय केलं? बाजारात जाऊन एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल आणली. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला खाच. दीडशे रुपये. अडॅप्टर सीपीयूच्या मागून काढलं, केबलला लावलं आणि टेबलावर, मॉनिटरच्या बाजूला, दाराकडे तोंड करून ठेवलं. हार्ड डिस्क काढून ठेवली, बॅकअप घेतानाच लावायची असं ठरवलं.

अडॅप्टर तेच, अडीचशेवालं. पिंग पुन्हा सुरू केलं. ३, ४, ३, ५, ४. पाच मिनिटं बघत बसलो, एकही हाक वाया गेली नाही. स्पीड सहावरून ३० वर.

मावसभाऊ काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे दादा, त्या दिवशी एवढंच हवं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. मंडळी, म्हणून हा एपिसोड.

तर जागेचे नियम ऐका. अडॅप्टर सीपीयूच्या मागे ठेवू नका, पत्र्यापासून दूर आणा. शक्य तितकं उंच, टेबलाच्या वर. राउटर आणि अडॅप्टर यांच्या मधे लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा येत नाही ना ते बघा. केबल एक-दीड मीटरची पुरे, उगाच लांब नको. यूएसबी ३.० चं अडॅप्टर असेल तर केबलही ३.० ची घ्या. जागा थोडी थोडी बदलून प्रत्येक वेळी पिंग बघा. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची असते, ५ ची सहाच्या आसपास. म्हणून वीतभर सरकवलं तरी फरक पडतो. हा अनुभव स्वतः घेऊन बघा, मजा येते.

राउटरलाही हेच लागू. टीव्हीच्या मागे, कपाटात कोंबलेला राउटर म्हणजे तोंडावर हात ठेवून बोलणारा माणूस.

ड्रायव्हरचं कोडं

आता पुढचा अडथळा. अडॅप्टर लावलं आणि काहीच झालं नाही! विंडोज १० आणि ११ बरीच अडॅप्टरं आपणहून ओळखतात. काही ओळखत नाहीत. मग ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर नेटवर. नेट नाही, कारण ड्रायव्हर नाही. डब्यात छोटी सीडी असते, पण आता सीडी ड्राइव्ह कुणाकडे आहे?

उत्तर तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग सुरू करा. कॉम्प्युटरला नेट मिळालं! आणि यातली भारी गोष्ट म्हणजे फोन घरच्या वाय-फायवर असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच वाय-फाय कॉम्प्युटरला पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. म्हणजे तुमचा फोनच अडॅप्टर झाला. आयफोनमध्ये मात्र मोबाइल डेटाच जातो. वायर डेटा जाणारी हवी, काही स्वस्त वायरींत फक्त चार्जिंग होतं.

खरं सांगू? उद्या सकाळी इंटरव्ह्यू आहे आणि आज रात्री वाय-फाय रुसलंय, तर हाच सगळ्यात खात्रीचा उपाय. मावसभावाला हे तेव्हा माहीत असतं तर... असो.

ड्रायव्हर नेहमी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या साइटींपासून लांब राहा, ड्रायव्हरबरोबर नको ते पाहुणे येतात. आणि मॉडेलचं नाव घेताना अडॅप्टरवरचं व्हर्जनही वाचा, व्ही१, व्ही२ असं बारीक अक्षरात असतं. एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनांत आतली चिप वेगळी असू शकते, मग ड्रायव्हरही वेगळा.

लिनक्सवाल्यांनो, तुमच्यासाठी तर चिपच सगळं काही. ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे तीच घ्या. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू किंवा एमटी७९२१यू या चिप त्यासाठी ओळखल्या जातात, दुसरीला जरा नवं कर्नल लागतं. नाहीतर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर पुन्हा बांधत बसावं लागतं. विकत घेण्याआधी मॉडेलसोबत चिपचं नाव शोधा. आणि काही अडॅप्टर लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उगवतात, कारण आत ड्रायव्हर साठवलेला असतो. घाबरू नका, अडॅप्टर बिघडलेलं नाही. विंडोजमध्ये त्यातलाच ड्रायव्हर टाका, लिनक्समध्ये ती ड्राइव्ह इजेक्ट केली की बरेचदा अडॅप्टर खऱ्या रूपात येतं.

लावल्यानंतरच्या तीन गोष्टी

पहिली. थोडा वेळ हात लावला नाही की वाय-फाय जातं, असं होत असेल तर विंडोज वीज वाचवतंय. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमच्या अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती काढा. डेस्कटॉपला या बचतीची गरज नाही.

दुसरी. पासवर्ड बरोबर आहे, नेटवर्क दिसतंय, तरी जोडलं जात नाही. अडॅप्टर जुनं असेल आणि राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल, तर असं होतं. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही चालेल असा पर्याय असतो, तो निवडा. पण वैतागून पासवर्डच काढून टाकू नका. उघडं वाय-फाय म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं.

तिसरी. अडॅप्टर गरम होतं. कोमट असेल तर चालतं. चटका बसत असेल आणि त्याच वेळी जोडणी तुटत असेल, तर जरा मोकळ्या हवेत आणा. एक्स्टेंशन केबल इथेही कामाला येते.

आणि कधी घ्यायचंच नाही?

हे सांगितलं नाही तर मी दुकानदाराचा माणूस ठरेन. राउटर आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असतील, किंवा भिंतीच्या कडेने वायर नेता येत असेल, तर लॅनची वायरच घ्या. कॅट ५ई ची वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. तिला ना भिंत अडवत, ना शेजाऱ्याचा राउटर. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना तर मी हेच सांगेन. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तिथे अडॅप्टर.

डेस्कटॉप उघडायची भीती नसेल तर आत बसणारं पीसीआयई वाय-फाय कार्डही मिळतं. चांगलं चालतं. पण त्याचे अँटेना सीपीयूच्या मागेच येतात, म्हणून वायरने टेबलावर आणता येणारा अँटेना असलेलं बघा. मशीन पुढे बदलणार असाल तर यूएसबीवालं बरं. काढलं, दुसऱ्याला लावलं.

आणि फोनच्या चाचणीत फोनलाच सिग्नल येत नसेल, तर अडॅप्टरवर कितीही पैसे घाला, उपयोग नाही. आधी राउटरची जागा बदला.

जाता जाता

चला, उजळणी करू. एक, फोन आणि कॉम्प्युटर एकाच जागी ठेवून स्पीड बघा. दोन, राउटरला पिंग करून दोष घरात की बाहेर ते ठरवा. तीन, ड्युअल बँड घ्या, पाकिटावरच्या बेरजेला भुलू नका. चार, पोर्ट आणि चिप बघा. पाच, एक्स्टेंशन केबल घ्याच.

मावसभावाने नंतर एक चांगलं ड्युअल बँड अडॅप्टर घेतलं, दोन अँटेनावालं, त्याच केबलवर टेबलावर ठेवलं. आता कॉम्प्युटरलाही फोनइतकेच ६० मिळतात. मग काकांना म्हटलं, प्लॅन परत ५० चा करा. ते ५० पूर्णच्या पूर्ण मागच्या खोलीत पोचतात आता. काकांनी केला, आणि मला वर म्हणाले, "एवढे महिने जास्तीचे भरले ते कोण देणार?"

तो पहिला इंटरव्ह्यू काही परत आला नाही. पुढचे दोन झाले, मधे कॉल तुटला नाही. एकात निवड झाली नाही, पण ती त्याच्या उत्तरांमुळे, हे त्याने स्वतःच सांगितलं. दुसऱ्यात पुढच्या फेरीला बोलावलंय. उत्तर चुकलं तर अभ्यास करता येतो हो. आपला आवाजच पोचला नाही, तर काय चुकलं हेही कळत नाही.

घरात कुणाची ऑनलाइन परीक्षा, क्लास, मुलाखत असेल, तर आज संध्याकाळी ती पिंगची चाचणी करा. पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. काय आकडे आले ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि सीपीयूच्या मागे एकदा वाकून बघा!